गुरुवारची साडेअकराची बैठक: प्रोजेक्टमधले अनुभव एकमेकांना कसे सांगायचे

२७ ऑक्टोबर २०१९, नरक चतुर्दशीचा रविवार. सकाळी सहा वाजता मी कराडला आईकडे उटणं लावून बसले होते. त्याच वेळी आमच्या इंग्लंडमधल्या क्लायंटच्या सर्व्हरवर हप्तेवसुलीची फाइल तयार झाली आणि बँकेकडे गेली. सात वाजता तीच फाइल पुन्हा गेली. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री दोनला घड्याळं एक तास मागे घेतात. त्यामुळे त्या रात्री दीड दोनदा वाजतो. आमचा जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, तिथल्या स्थानिक वेळेप्रमाणे दीडला लावलेला होता, म्हणून तो दोनदा धावला.

सोमवारी बँकेच्या बाजूला कोणाच्या तरी लक्षात आलं आणि दुसरी फाइल अडवली गेली. ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले नाहीत, पण ते आमच्यामुळे नव्हे. त्या मॉड्यूलचं टेस्टिंग माझ्याकडे होतं. दोनशेच्या वर टेस्ट केसेस लिहिल्या होत्या आणि त्यातल्या एकीतही घड्याळ मागे नेऊन पाहिलेलं नव्हतं. आम्ही सात पानांचा रीतसर आरसीए (चुकीचं मूळ कारण शोधणारा अहवाल) लिहिला, क्लायंटने तो मंजूर केला आणि शेअर्ड ड्राइव्हवर तो ‘आरसीए_फायनल_व्ही३’ या नावाने जाऊन पडला.

वर्षभराने, १ नोव्हेंबर २०२० ला, अमेरिकेतली घड्याळं मागे गेली आणि आमच्याच कंपनीतल्या दुसऱ्या टीमचा जॉब दोनदा धावला. त्या टीमची टेस्टर माझी जवळची मैत्रीण. चार वर्षं आम्ही वाकडहून एकाच बसने हिंजवडीला जात होतो, एकमेकींच्या डब्यातलं खात होतो. तिने फोनवर विचारलं, “अगं, तुमच्याकडे हेच झालं होतं, तर मला बोलली का नाहीस?” मला काहीच सांगता येईना. सात पानं लिहिली होती, पण शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला चार वाक्यांत सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

२०२१ च्या जानेवारीपासून आम्ही दर दुसऱ्या गुरुवारी बसतो. सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर बसायचो, मग ऑफिसात. यात काय जमलं, काय फसलं ते सगळं लिहिते आहे. तुमच्या टीममध्ये असं काही सुरू करायचं असेल तर आमचे चाचपडण्यात गेलेले महिने तुम्हाला घालवावे लागू नयेत.

प्रोजेक्ट मागू नका, दिवस मागा

“तुझ्या प्रोजेक्टचा अनुभव सांग” असं म्हटलं की माणूस पीपीटी उघडतो. पहिल्या स्लाइडवर टीम किती जणांची, दुसरीवर आर्किटेक्चरचे चौकोन, मग टाइमलाइन आणि शेवटी ‘चॅलेंजेस अँड लर्निंग्ज’. त्यात लिहिलेलं असतं, कम्युनिकेशन वाढवायला हवं, रिक्वायरमेंट्स लवकर फ्रीझ करायला हव्यात. सगळे माना डोलावतात. सोमवारी कामावर बसल्यावर यातलं काहीच हाती लागत नाही. आमच्या पहिल्या चार बैठका अशाच गेल्या.

पाचव्या वेळी मी बोलणाऱ्याला आधी भेटले आणि एकच विचारलं: “या प्रोजेक्टमध्ये कुठल्या दिवशी तुझ्या पोटात गोळा आला?” त्याने क्षणभरही विचार केला नाही. “मार्चमधला तो मंगळवार. दुपारी तीनला. डिप्लॉयमेंट झालं होतं, सगळे चेक हिरवे होते, आणि लॉगिनची संख्या खाली खाली चालली होती.” मी म्हटलं, गुरुवारी हेच सांग, इथूनच सुरू कर. स्लाइड नको. फळा आणि खडू, म्हणजे आता मार्कर, एवढं पुरे.

तेव्हापासून नियम असा की एका बैठकीत एक माणूस आणि त्याचा एक प्रसंग. प्रसंग एका दिवसाचा असावा, फार तर आठवड्याचा. दोन वर्षांचा प्रोजेक्ट वीस मिनिटांत सांगायला गेलं की तपशील गळतात आणि नेमके तेच दुसऱ्याच्या कामाचे असतात.

प्रसंग मांडायला अमेरिकन सैन्यातले चार प्रश्न फार उपयोगी पडतात. तिथे १९७० च्या दशकापासून सरावानंतर लगेच एकत्र बसून त्याचा आढावा घेतात: काय व्हायचं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. आम्ही यात पाचवा प्रश्न घातला आहे: कधी कळलं, आणि कशावरून? माझ्या मते आयटीमध्ये हाच सगळ्यात मोलाचा. चूक घडणं आणि चूक लक्षात येणं यात मिनिटं गेली की दिवस, हे कळलं तर कुठला अलर्ट लावायचा तेही कळतं. आमच्या घड्याळाच्या गोष्टीत फाइल रविवारी सकाळी गेली आणि आम्हाला कळलं सोमवारी दुपारी, तेही दुसऱ्यांनी सांगितल्यावर. एकाच दिवसाच्या दोन फाइल्स गेल्या तर ओरडणारी एक साधी तपासणी असती, तर सव्वासातलाच कळलं असतं.

“तेव्हा तुला काय दिसत होतं?”

ऐकणाऱ्यांनी काय विचारायचं हेही शिकवावं लागतं. “असं का केलंस?” म्हटलं की माणूस सफाई देऊ लागतो. “तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं? तुला काय वाटलं होतं?” असं विचारलं की तो त्या क्षणात परत जातो आणि खरी माहिती बाहेर येते. एटसी या कंपनीत असताना जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये दोष न देता केलेल्या चौकशीविषयी लिहिलं, त्याचं सार हेच आहे. त्या माणसाला ती कृती त्या क्षणी बरोबर का वाटली हे समजून घ्या, कारण उद्या दुसऱ्या कोणालाही ती तशीच बरोबर वाटणार आहे.

सुरुवातीला आपल्याकडे कोणी बोलायला तयार नसतं. तेव्हा आधी जगजाहीर झालेली एखादी गोष्ट सांगा. मी गिटलॅबची, म्हणजे कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीची, सांगितली होती. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक इंजिनिअर डेटाबेसच्या रेप्लिकेशनशी (मुख्य सर्व्हरवरचा डेटा दुय्यम सर्व्हरवर उतरवत राहण्याशी) झगडत होता. दुय्यम सर्व्हरवरचा फोल्डर रिकामा करायचा होता, आणि कमांड गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलंही, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचारच जीबी उरलं होतं. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप होतच नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअपचं साधन ९.२ चं. आवृत्त्या जुळत नसल्याने ते बंद पडायचं. तशी मेल जायची, पण ती मेलच नाकारली जात होती. शेवटी साधारण सहा तास आधी कोणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवरून (डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीवरून) त्यांनी डेटा परत आणला, मधल्या सहा तासांचा गेला. हे सगळं त्यांनी लोकांसमोर उघडपणे मांडलं, दुरुस्तीचं काम तर यूट्यूबवर थेट दाखवलं.

मी हे सांगून थांबले. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागे बसलेला लातूरचा एक मुलगा, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेला, हळूच म्हणाला, “मॅडम, माझंही असंच होता होता राहिलं.” दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, एक टेस्टची, एक प्रॉडक्शनची (म्हणजे ग्राहक खरोखर वापरतात त्या सिस्टीमची), दोन्ही काळ्या. एंटर दाबायच्या आधी शिपाई काकांनी चहा विचारला म्हणून त्याने मान वळवली, आणि परत पाहताना वरचं नाव दिसलं. हे त्याने आठ महिने कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही प्रॉडक्शनच्या सगळ्या खिडक्यांचा रंग लाल केला. वीस मिनिटांचं काम. आठ महिने ते झालं नाही, कारण ज्याला ते सुचलं असतं तो घाबरून गप्प होता.

म्हणून सांगते, घडलेल्या गोष्टींइतक्याच होता होता राहिलेल्याही मागा. त्या सांगायला सोप्या असतात, कोणाचं नुकसान झालेलं नसतं, आणि शिकायला तितकंच मिळतं.

पहिल्यांदा वरिष्ठांनी बोलावं

ज्युनिअर मुलांना “मोकळेपणाने बोला” असं सांगून कोणी मोकळं होत नाही. त्यांनी आधी कोणालातरी बोलताना पाहिलेलं असावं लागतं. पहिल्या तीन बैठका सगळ्यात अनुभवी माणसांकडून घ्या, आणि त्यांनी स्वतः चुकलेला प्रसंगच सांगायचा, दुसऱ्याने केलेला आणि आपण निस्तरलेला नव्हे. मी घड्याळाचाच सांगितला. आमच्या आर्किटेक्ट सरांनी एस्टिमेटचा सांगितला: जुन्या सिस्टीममधून डेटा हलवायला त्यांनी तीन आठवडे धरले होते आणि अकरा लागले. जन्मतारखेच्या रकान्यात तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तारखा भरलेल्या होत्या आणि पाहणीसाठी घेतलेल्या हजार ओळी नेमक्या एकाच शाखेच्या निघाल्या. बावीस वर्षं काम केलेला माणूस फळ्याजवळ उभा राहून हे सांगतो, तेव्हा पुढच्या वेळी हात वर होतात.

आणखी एक. एल-वन सपोर्टच्या, म्हणजे वापरकर्त्यांच्या तक्रारी सगळ्यात आधी घेणाऱ्या, लोकांना बोलवायला विसरू नका. रात्री टिकिटं (तक्रारींच्या नोंदी) बंद करणाऱ्यांना सिस्टीमचे आजार डेव्हलपरच्या आधी कळतात. त्यांची पाळी संध्याकाळी सुरू होते म्हणून आमच्या साडेअकराला त्यांना येता यायचं नाही आणि वर्षभर आम्हाला त्यांची आठवणही झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. आता दर तिसरी बैठक संध्याकाळी सातला असते. एका सपोर्टच्या मुलीने तिथे सांगितलं की महिन्याच्या पहिल्या तारखेला येणारी तीसेक टिकिटं ती एकाच उपायाने बंद करते: वापरकर्त्याला ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगते. दीड वर्ष ती हे करत होती. डेव्हलपमेंटमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, कारण टिकिटं वेळेत बंद होत होती आणि एसएलएचा (किती वेळात काम संपवायचं त्या कराराचा) रकाना हिरवा होता.

जे अप्रेझल लिहितात त्यांनी बैठक घेऊ नये

इथे आमचं खूप बिघडलं होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

दुसऱ्या वर्षी एका डेव्हलपरने प्रसंग सांगितला. त्याच्या कोड रिव्ह्यूमधून एक तपासणी निसटली होती. त्याने फार प्रामाणिकपणे मांडलं. त्या दिवशी त्याच्या वरिष्ठांपैकी एक जण बसलेले होते. तीन महिन्यांनी त्याच्या अप्रेझलच्या कागदावर तेच वाक्य आलं, ‘रिव्ह्यूमध्ये काटेकोरपणा कमी’. त्याने कोणाकडे तक्रार केली नाही. पण अशी बातमी कँटीनमध्ये अर्ध्या दिवसात पोहोचते. पुढचे सहा गुरुवार बोलायला कोणी मिळालं नाही. मी विचारायला जायची आणि प्रत्येक जण रिलीजचं कारण सांगायचा.

मी डिलिव्हरी हेडकडे गेले. जाताना काय मागायचं ते लिहून नेलं होतं, नुसती खंत सांगून परत यायचं नव्हतं. एक, ते वाक्य कागदावरून काढावं. दोन, बैठकीत बोललेलं काहीही मूल्यमापनात वापरलं जाणार नाही, हे त्यांच्या सहीने सगळ्यांना मेलवर जावं. तीन, रिपोर्टिंग मॅनेजरने आपल्या माणसाच्या बैठकीला बसू नये. तिन्ही मान्य झालं, पण वाक्य काढायला पाच आठवडे लागले. त्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण बैठक माझ्या शब्दावर चालू होती. तो पुन्हा बोलायला सात महिन्यांनी आला.

विमान वाहतुकीत हा प्रश्न फार आधी सोडवला आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि नियंत्रक आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग कळवू शकतात. ते कळवायचे असतात नासाला. वैमानिकावर कारवाई करण्याचा अधिकार विमान वाहतूक प्रशासनाकडे आहे, आणि नासा नावं काढूनच माहिती पुढे देते. ऐकणारा आणि शिक्षा करणारा यांचं टेबल वेगळं. तुमच्याकडे बैठक कोण घेणार हे ठरवताना एवढं पाहा की त्या व्यक्तीच्या हातात कोणाची पगारवाढ नसावी. टेस्ट लीड, टेक्निकल रायटर, दुसऱ्या टीमचा सीनिअर, कोणीही चालेल.

अर्थात, डेटा चोरला किंवा जाणूनबुजून नियम मोडला, तर त्याला हे संरक्षण नाही. तेही मेलमध्ये स्पष्ट लिहा.

यशाची गोष्ट सांगताना अटी सांगा

फक्त फसलेलंच सांगायचं असं नाही. पण यशाच्या गोष्टीत एक धोका असतो. एकाने सांगितलं, आम्ही या टेबलावर इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) टाकला आणि चाळीस मिनिटांचा रिपोर्ट तीन मिनिटांत यायला लागला. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टीमने आपल्या टेबलावर तसेच चार इंडेक्स टाकले. त्यांच्या टेबलात दर मिनिटाला हजारो नव्या ओळी पडत होत्या आणि प्रत्येक ओळीबरोबर चारही इंडेक्स बदलावे लागू लागले. रिपोर्ट जलद झाला, ऑर्डर घेणं मंदावलं. सांगणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचं टेबल रात्री एकदाच भरलं जायचं, हे सांगायचं तेवढं राहिलं, आणि विचारायचं आमच्याकडूनही राहिलं.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण युरोपच्या एरियन ५ रॉकेटचं आहे. ४ जून १९९६ च्या पहिल्याच उड्डाणात ते चाळीसेक सेकंदांत फुटलं. दिशा आणि वेग मोजणारं सॉफ्टवेअर एरियन ४ मधून जसंच्या तसं घेतलेलं होतं आणि तिथे ते नीट चालत होतं. एरियन ५ चा आडवा वेग जास्त होता, ६४ बिटांतली संख्या १६ बिटांत मावली नाही. मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रणांत तेच सॉफ्टवेअर होतं, म्हणून दोन्ही बंद पडल्या.

तेव्हा “आमच्याकडे चाललं” या वाक्यानंतर लगेच विचारा: किती डेटा, कुठली आवृत्ती, एका वेळी किती वापरकर्ते, वाचणं जास्त की लिहिणं? आम्ही हे चार प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवले आहेत.

भाषा

ज्याला ज्या भाषेत सांगायचं त्यात सांगू द्या. आमच्या टीममध्ये मराठी निम्म्याहून जास्त, बाकी तेलुगू, तमिळ, हिंदी. सगळ्यांसाठी इंग्रजी हा सोयीचा नियम वाटतो, पण त्या नियमाने नांदेड-परभणीकडची मुलं गप्पच होतात, आणि बोललीच तर ‘देअर वॉज अ मिसकम्युनिकेशन’ यापलीकडे जात नाहीत. तोच मुलगा मराठीत सांगतो, “क्लायंटने फोनवर एक सांगितलं, मी टिकिटात दुसरं लिहिलं, आणि दोघांनाही वाटलं की आपलं ठरलंय.” केवढी माहिती आहे या एका वाक्यात! शेजारी बसलेला कोणीतरी दर पाच मिनिटांनी दोन वाक्यं इंग्रजीत किंवा हिंदीत सांगतो. वेळ थोडा जास्त जातो. जाऊ द्या.

वेळ आणि खाणं

आमचे क्लायंट बहुतेक इंग्लंडचे. त्यांचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच. त्याआधीचा वेळ आपला. साडेअकरापर्यंत कोथरूड-हडपसरचे लोकही हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून पोहोचून स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) आटोपलेले असतात. शुक्रवार नको, त्या दिवशी अर्धे लोक स्वारगेटच्या गाडीची वेळ पाहत असतात. एकूण पंचेचाळीस मिनिटं: वीस सांगण्याची, पंधरा प्रश्नांची, दहा लिहिण्याची. गुरुवारी बऱ्याच जणांचा उपास असतो, त्यामुळे समोशांऐवजी साबुदाणा वडे मागवा. लोक येतात.

काय सांगायचं नाही

क्लायंटचं नाव घ्यायचं नाही. ‘इंग्लंडमधली विमा कंपनी’ एवढं पुरे, आणि अशी एकच असेल तर तेही नको. प्रॉडक्शनचा स्क्रीनशॉट दाखवायचा नाही. एका ग्राहकाचा फोन किंवा पॅन नंबर जरी दिसला तरी ते गंभीर आहे. उदाहरण हवं असेल तर फळ्यावर खोट्या आकड्यांनी लिहा. सुरक्षेतलं छिद्र बुजवलेलं नसेल तर ते बुजेपर्यंत तो प्रसंग बैठकीत आणायचा नाही, तो त्याच दिवशी सिक्युरिटी टीमकडे जायला हवा. आणि रेकॉर्डिंग करू नका. आम्ही दोनदा केलं, दोन्ही वेळा लोक क्लायंटसमोर बोलतात तसे बोलले.

टिपणाला नाव लक्षणाचं द्या

शेवटची दहा मिनिटं लिहिण्याची. सांगणाऱ्याने लिहायचं नाही, ऐकणाऱ्यांपैकी एकाने लिहायचं. मग लगेच कळतं की काय समजलं आणि काय नाही. एकच पान. सांगणाऱ्याला दाखवल्याशिवाय विकीवर (कंपनीतल्या टिपणांच्या साइटवर) चढवायचं नाही, आणि त्याला नाव काढून हवं असेल तर काढायचं.

या पानाच्या नावावर माझा फार जीव आहे. आमच्या सात पानी आरसीएचं आतलं शीर्षक होतं, ‘डीएसटी हँडलिंग इश्यू’. माझ्या मैत्रिणीने त्या सकाळी ड्राइव्हवर शोधलं असतं तर काय टाकून शोधलं असतं? डीएसटी, म्हणजे घड्याळ मोसमाप्रमाणे मागे-पुढे करणं, हा शब्द कारण कळल्यावर सुचतो. अडकलेल्या माणसाला कारणच तर माहीत नसतं, त्याच्यासमोर फक्त लक्षण असतं. आता त्या पानाचं नाव आहे: ‘रविवारी पहाटे एकच जॉब एका तासाच्या अंतराने दोनदा धावला’. खाली लॉगमधल्या ओळी अक्षरशः तशाच, चुकीच्या स्पेलिंगसकट, कारण लोक एरर मेसेज कॉपी करून शोधतात. मग त्या वेळी आम्हाला काय वाटलं होतं, कारण काय निघालं, काय बदललं, आणि कोणाला विचारायचं.

नुसतं पान चढवून कोणी वाचत नाही, हे आम्ही आरसीएच्या वेळी पाहिलंच. म्हणून दोन ठिकाणी ते आडवं आणतो. नवा प्रोजेक्ट सुरू होताना पहिल्या बैठकीच्या आधी जुनी तीन पानं वाचायची, कुठली तीन ते मी किंवा आर्किटेक्ट सर सुचवतो. आणि टेस्टिंगच्या यादीत थेट ओळी जातात. आमच्या यादीत आता घड्याळ मागे आणि पुढे नेण्याच्या दोन ओळी आहेत आणि प्रत्येकीपुढे त्या पानाची लिंक आहे. मार्चमध्ये उलटं होतं, घड्याळ पुढे जातं, एक तास येतच नाही आणि त्या तासातला जॉब धावतच नाही. तेही तपासा.

जाणाऱ्या माणसाकडून

नोटीस पीरियडमधल्या माणसाकडून केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची माहिती) घेतात, तेव्हा तो सिस्टीम कशी चालते ते समजावतो. ते बहुतेक कोडमध्येही सापडतं. त्याच्या डोक्यात आणखी एक यादी असते आणि ती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. त्याला एक प्रश्न विचारा: “या सिस्टीममध्ये कुठे हात लावायची तुला भीती वाटते?” आणि हे शेवटच्या दिवशी नको. तेव्हा लॅपटॉप परत करायचा असतो, केक कापायचा असतो. महिनाभर आधी विचारा.

गेल्या वर्षी आमच्याकडचा नऊ वर्षं जुना माणूस बंगळूरला गेला. बिलिंगचं मॉड्यूल पूर्ण त्याच्या हाताखालचं. गुरुवारी मी हा प्रश्न विचारला आणि तो मार्कर घेऊन उठला. काही न बोलता त्याने फळ्यावर अकरा गोष्टी लिहिल्या. एक स्क्रिप्ट त्याच्या स्वतःच्या लॉगिनने चालत होती, त्याचं खातं बंद झालं की तीही बंद पडणार होती. एका सर्टिफिकेटची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती आणि आठवणीची मेल त्याच्या एकट्याच्या इनबॉक्समध्ये यायची. अकरापैकी चार गोष्टी खोलीतल्या दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हत्या. त्या चारांची टिकिटं आम्ही दुपारच्या जेवणाआधी काढली. शेवटचं टिकीट बंद झालं तेव्हा त्याचे कंपनीत दोन दिवस उरले होते. स्क्रिप्ट नव्या खात्याने नीट चालते का, ते त्यानेच तपासून दिलं.